डाव्या हाताचा घोडा

बसा पावणं, बसा. कासरा देतो, दोरखंडबी मापून देतो, गडबड काय हाय? बैल सावलीला बांधल्यात न्हवं? मग झालं. पर आधी मला एक सांगा. मगाशी नालाचा इषय निघाल्यावर तुमी म्हणलासा, आमच्या आजऱ्यात कोल्हापूरचा एक नालबंद ऱ्हायला आलाय, इलाही म्हणून, लई गुणी माणूस. त्यो उजव्या पायानं लंगडतो का? खिळा ठोकायच्या आधी बैलाच्या कानात कायतरी पुटपुटतो? लेकीचं नाव मेहमुदा?

मग त्योच. आमचाच इलाही.

गुणी म्हणं! दोन वर्सं झाली त्याला मंगळवार पेठ सोडून, आन् अजून कुणी त्याचं नाव चांगलं घेतलं की माझ्या पोटात दुखतं. हसू नगा पावणं. खरं सांगतोय. पेठेतल्या माणसाला हे मी सांगणार न्हाय, तुमी परगावचं म्हणून बोलतोय.

ती समोरची मोकळी जागा दिसती का, चिंचंखालची? तिथं त्याचं काम चालायचं. मी हितं कासरं, वेसणी, घुंगरमाळा इकायचो, त्यो तिथं नाल मारायचा. मला वाटायचं, माझं दुकान मोठं, त्याचं काय, एक हातोडी आन् खिळ्यांचा डबा. पर गिऱ्हाईक आधी त्याच्याकडं जायचं. बैलाला पाडायचं, पाय बांधायचं, आट नाल मारून हुईस्तवर गाडीवान तिथं बसायचा, आन् मग उठता उठता माझ्याकडं बघून म्हणायचा, "एक वेसण द्या जावा." म्हंजे माझं दुकान त्याच्या चिंचंच्या सावलीवर चालायचं! हे मला कवाच पचलं न्हाय.

आन् माणूस असा की भांडायलाबी सापडायचा न्हाय. बैलानं लाथ झाडली तरी शिवी न्हाय. आमची बनाबाई, माझी बायको, दारात हुबी ऱ्हाऊन बघायची आन् मला ऐकवायची, "इलाहीभावजींचा आवाज कवा चढतोय का बघा. न्हायतर तुमी, सुतळी तुटली तरी घर डोक्यावर घेता." आता घरातलीच अशी म्हणायला लागल्यावर काय करायचं?

पर एक गोष्ट माझी हुती. बुद्धिबळ.

आमच्या पेठंत तालीम हाय. तिच्या फुडच्या सोप्यात, पडवीत म्हणा, दोन लाकडी खांब. सकाळी पोरं लाल माती अंगाला फासून आत कुस्त्या धरायची, आन् दुपार कलली की सोप्यात पट पडायचा. त्यातल्या उजव्या खांबाला पाठ लावून बसायचा मान पेठंतल्या पयल्या खेळणाऱ्याचा. बाकीच्यांनी पाठ मोकळी ठिवून बसायचं, कंबर दुखली तरी. महाराज गादीवर आले त्याच्या दुसऱ्या साली मी आमच्या मामाला हरवला आन् त्या खांबाला पाठ लावली. आज पंचवीस वर्सं झाली. माझ्या पाठीचा डाग हाय त्या खांबावर, जाऊन बघा पायजे तर. मला दुसरं काय न्हवतं पावणं. शेती भावानं घेतली, शाळा मी सोडली, कुस्तीत तर मला पोरगंसुदिक चितपट करायचं. तेवढा खांब माझा हुता.

इलाहीला खेळ मीच शिकिवला. दुपारच्याला गिऱ्हाईक नसलं की यायचा, लांब बसून बघायचा. एक दिवस म्हणलं, "काय रं, घोड्याला नाल मारतोस, घोडा चालतोय कसा ठावं हाय का?" आन् त्याला बसिवला. आमच्यात रीत अशी की कच्च्या माणसाबरोबर खेळताना पक्क्यानं आपला एखादा मोहरा पटावरनं काढून ठिवायचा. कुणाला प्यादं द्यायचं, कुणाला उंट. इलाहीला मी घोडा द्यायचो, माझ्या डाव्या हाताचा. डाव मांडला की मी त्यो घोडा उचलायचा आन् बंडीच्या खिशात टाकायचा. सगळ्या सोप्यात घोडा घेणारा त्यो एकलाच. म्हंजे सगळ्यात कच्चा. आन् हे मी मोठ्यानं बोलून दाखवायचो, "घे बाबा, घोडा घे." बारा वर्सं असं चाललं.

दहा डावातलं सहा मी जिंकायचो, चार त्यो. घोडा दिलेला हुता, त्याचं कुणी मनावर घ्यायचं न्हाय.

एकदा मातूर गंमत झाली. ज्ञानू वस्ताद म्हणून आमच्या तालमीचे वस्ताद, त्यांनी आपल्या मेव्हण्याशी इलाहीला बराबरीनं खेळायला बसिवलं. घोडाबिडा काय न्हाय, सगळं मोहरे पटावर. इलाही चांगला खेळत हुता, आन् अचानक त्याच्या उजव्या हाताकडनं त्या मेव्हण्याचा डाव्या हाताचा घोडा आला आन् वजीर खाऊन गेला. इलाही नुसता बघतच ऱ्हायला. दहा वर्सं त्या बाजूला समोरच्याचा घोडा त्यानं बघितलाच न्हवता की! त्याच्या ध्यानातच नसायचा त्यो. मी एवढा हसलो, एवढा हसलो, म्हणलं, "आरं, नालबंदाला घोडा दिसंना!" आख्खा सोपा हसला. इलाहीबी हसला, पर त्याचं कान लाल झालतं. त्या राती मला झ्याक झोप लागली.

आता ऐका फुडचं.

तिकडं खासबागेत कुस्त्यांच्या मैदानाचं काम चाललं हुतं त्या सालची गोष्ट. कुरुंदवाडचे नरसोपंत वकील एका दाव्यासाठी पंधरा दिवस हितं येऊन ऱ्हायले. बुद्धिबळात त्या माणसाचं नाव पार मिरजेपर्यंत. दिवसा कचेरी आन् तिसऱ्या प्रहरी बुद्धिबळ. शुक्रवार पेठंत जाऊन जिंकले, शनवार पेठंत जाऊन जिंकले, आन् ज्ञानू वस्तादांनी त्यास्नी रविवारी आमच्या सोप्यात बोलिवलं. "आमचा आकाराम हाय की, खांबवाला," म्हणून सांगितलं.

माझं पाणी पाणी झालं. शनवार पेठंतला डाव मी जाऊन बघितला हुता. पंत असं खेळायचे की समोरच्याला श्वास घ्यायला सवड न्हाय. मी हरणार, हे मला चार घरं आधी दिसत हुतं. आन् आपल्याच सोप्यात, आपल्याच खांबाला पाठ लावून हरायचं? मग त्या खांबाला काय तोंड दाखवायचं?

आन् त्याच दिवसांत इलाहीचं कौतुक लई वाढलं हुतं. महाराजांच्या पागंतल्या एका बिथरलेल्या घोड्याला त्यानं म्हणं नुसतं हात फिरवून नाल मारला. पेठंत जो त्यो तेच सांगतोय. बनाबाईनं मला तीनदा सांगितलं. मी म्हणलं, थांब, ह्याचा नक्षा उतरवतो.

रविवारी पंत आले. पांढरं धोतर, रेशमी पागोटं, बोटात अंगठी. सोपा माणसांनी भरलेला. मी हात जोडून म्हणलं, "पंत, पयला डाव आमच्यातल्या सगळ्यात कच्च्या माणसाशी खेळा. नालबंद हाय. तेवढीच लोकांची करमणूक. मग आपण बसू." माझं गणित सरळ हुतं. इलाहीचं नाक कापलं जाईल, पंत जरा दमतील, आन् मला त्यांच्या चाली बघायला मिळतील.

पंत म्हणाले, "आमची हरकत नाही. याला काय देऊ? वजीर देऊ?"

इलाही मान खाली घालून म्हणला, "काय नगं, पंत. बराबरीनंच खेळू."

हे ऐकलं आन् माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्सं माझ्याकडनं घोडा घेतला, आन् आज कुरुंदवाडच्या वकिलाशी बराबरी! मग मी जे केलं ते, पावणं, आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाय. पंत हात धुवायला इहिरीकडं गेले. मी तांब्या घिऊन मागनं गेलो. पाणी घालता घालता हळूच म्हणलं, "पंत, तुमच्या डाव्या हाताचा घोडा त्याला दिसत न्हाय. तेवढाच चालवा." पंतांनी माझ्याकडं एकदा बघितलं, हात पुसलं, आन् आत गेले.

डाव सुरू झाला. मी खांबाला पाठ लावून बसलेला, तोंडात पान.

पंतांनी दुसऱ्याच चालीला त्यो घोडा काढला. माझं काळीज असं नाचलं म्हणता! आणखी चार-पाच चाली झाल्या, घोडा आणखी आत आला. इलाही आपला दुसऱ्याच बाजूला उंट काढतोय, वजीर सरकवतोय. आन् मग घोडा इलाहीच्या राजाच्या अंगावर आला, शह दिला, आन् त्याच उडीत कोपऱ्यातल्या हत्तीवरबी डोळा. राजा हलवावा लागणार, हत्ती जाणार. सगळा सोपा "अरारारा" म्हणला. कुणीतरी मागनं वरडलं, "नालबंदाला आजबी घोडा दिसला न्हाय!" मी हसलो. मोठ्यानं हसलो. देवा, काय सुख वाटलं मला त्या घटकंला!

इलाहीनं राजा एक घर सरकिवला. पंतांनी हत्ती खाल्ला. घोडा कोपऱ्यात जाऊन बसला.

आन् तवा इलाहीनं वर बघितलं. पंतांकडं न्हाय. माझ्याकडं. नुसतं बघितलं, आन् वजीर उचलून थेट पंतांच्या राजाफुडं नेऊन ठिवला.

तुमाला खेळ येत न्हाय म्हणताय म्हणून सोपं करून सांगतो. पंतांचा घोडा कोपऱ्यात अडकला, तिथनं त्याला माघारी यायला तीन चाली पायजेत. तवर हिकडं राजाजवळ पंतांचं राखणीला एक मोहरा कमी. इलाहीनं हत्ती दिला न्हवता, घोडा कोंडून घेतला हुता. शह, शह, शह. पंतांनी पागोटं काढून मांडीवर ठिवलं. घाम आलता त्यास्नी. आन् शेवटाला इलाहीनं एक प्यादं एक घर फुडं सरकिवलं आन् हळू आवाजात म्हणला, "मात."

प्यादेमात! आमच्यात प्याद्यानं केलेली मात म्हंजे सगळ्यात मोठी. वजिरानं कुणीबी मारंल, प्याद्यानं मारायला काळीज लागतं. सोप्यात असा कालवा झाला, आतली पोरं कुस्ती सोडून भाईर आली. ज्ञानू वस्तादांनी आपला फेटा काढून इलाहीच्या डोक्यावर बांधला. कुणी गूळ आणला, कुणी फुटाणं. आन् मी? मी खांबाला टेकून बसलेला. पान चावायचं इसरलो हुतो. पंत उठले, माझ्याकडं बघितलं, अशा नजरंनं की जणू मीच त्यांचा खिसा कापलाय. माझ्याशी खेळायला बसलेच न्हाईत. टांगा मागवला आन् गेले.

मी सगळ्यांस्नी सांगत सुटलो, "मीच शिकिवलाय त्याला, मीच." लोक म्हणायचे, "व्हय व्हय, आकाराम," आन् परत त्याच्याकडं वळायचे. मला असं वाटत हुतं की त्यो फेटा वढून काढावा आन् इहिरीत टाकावा. खरं सांगतो. बारा वर्सं घोडा देणारा मी, आन् फेटा त्याला!

दुसऱ्या दिवशी त्याची बायको लालबी वाटीभर शिरा घिऊन आमच्या घरी आली. ती गेल्यावर बनाबाईनं मला सांगितलं. वस्तादांच्या मेव्हण्यानं वजीर खाल्ला त्या दिवसापास्नं ती दोघं रोज सांजच्याला घरात खेळायची. लालबीला त्यानंच शिकिवलं. पट न्हवता, म्हणून जमिनीवर कोळशानं घरं आखायची. मोहरे म्हंजे जुनं खिळं आन् नालाचं तुकडं. आन् डाव्या हाताच्या घोड्याच्या जागी लालबी घोड्याचा आख्खा नाल ठिवायची, त्याच्या डोळ्यात भरावा म्हणून. दोन वर्सं. बनाबाई म्हणली, "भावजी म्हणायचे म्हणं, आण्णा कवातरी मला बराबरीनं बसिवतील, तवा घोडा दिसाय पायजे."

माझ्यासाठी! त्या पंतासाठी न्हवंच. मी बोलवंन म्हणून. शिऱ्याची वाटी मी तशीच बाजूला सारली. पर दया आली म्हणता? छट्. मला वाटलं, बघा, लालबी तरी त्याला खेळायला मिळाली. माझी बनाबाई पटावरचं मोहरे केरसुणीनं लोटती.

तिसऱ्या प्रहरी मी सोप्यात गेलो. पाय वढत गेलो. आख्खी पेठ जमलेली. ज्ञानू वस्ताद म्हणले, "आकाराम, आता एक डाव हुऊन जाऊ दे बराबरीचा. जो जिंकंल त्याचा खांब." सगळे माझ्याकडं बघायला लागले. इलाही समोर येऊन बसला. मी मोहरे मांडले. उंटाच्या जागी हत्ती ठिवला, परत उचलला, ते त्याला दिसलं. सगळे मोहरे मांडून झाले, डाव्या हाताचा घोडाबी जाग्यावर, आन् मी काय बोलायच्या आत इलाही म्हणला, "आण्णा, घोडा काढायचा इसरलासा."

ज्ञानू वस्ताद म्हणले, "आरं, काल तू पंतांस्नी मारलंस, आता घोडा कशाला?"

त्यो म्हणला, "ते पंत हुते. आण्णांच्या फुडं मला घोडा लागतोच."

आन् मी, पावणं, मी घोडा उचलला आन् खिशात टाकला. मला ठावं हुतं त्याला काय पायजे हुतं. सकाळीच बनाबाईनं सांगितलं हुतं. तरी उचलला. खांब वाचला.

मी त्याचा उपकार मानायचा, तर माझा जळफळाट दुप्पट झाला. एखाद्यानं मुस्काटात मारली तर उलट मारता येती. ह्यानं तर मला माझाच खांब दान दिला. फुडं आट वर्सं आमी तसंच खेळलो. दहातलं सहा मी, चार त्यो. आधीबी सहा न् चार, नंतरबी सहा न् चार. मी जिंकलो की वाटायचं, ह्यानं मुद्दाम सोडला. हरलो की वाटायचं, आज ह्याला दया आली न्हाय वाटतं. एकबी जीत मला गोड लागली न्हाय. एक डाव बराबरीचा खेळलो असतो तर सगळा निकाल लागला असता. पर त्यो घोडा खिशात टाकल्याबिगर माझा हात डावाला लागायचाच न्हाय.

मग दोन वर्सांमागच्या तापाच्या साथीत लालबी गेली. त्याच्या आदल्या साली एका खिलारी खोंडानं लाथ घालून इलाहीचा पाय मोडला हुता, त्यो वाकडाच बसला. एकट्यानं बैल पाडणं काय हुईना. मेहमुदा आजऱ्याला दिलेली, ती न्यायला आली. जायच्या दिवशी गाडी चिंचंखाली हुबी, डबा-हातोडी गाडीत, आन् त्यो लंगडत माझ्या दुकानात आला. हितंच बसला, तुमी बसलाय तिथं.

म्हणला, "आण्णा, एक मागतो. एक डाव खेळू. आज घोडा ठिवा पटावर."

दुकानात काळं कुत्रं न्हवतं. आन् मी म्हणलं, "आज न्हाय जमायचं रं. गिऱ्हाईकाची येळ हाय."

त्यानं मोकळ्या दुकानाकडं बघितलं. "बरं," म्हणला. मग हळूच म्हणला, "आण्णा, त्या दिशी पंत टांग्यात बसताना मला काय म्हणले, ते तुमास्नी कवा सांगितलं न्हाय. म्हणले, तुझ्या त्या खांबवाल्या गुरूनं इहिरीवर माझ्या कानात सांगितलं, घोडा ह्याला दिसत न्हाय. मी त्या घोड्यावर भरवसा ठिवला आन् बुडालो. दोघांनी मिळून ठरिवलं हुतंसा व्हय?"

आट वर्सं, पावणं! आट वर्सं ह्याला ठावं हुतं, आन् रोज माझ्या फुडं बसत हुता. म्हणलं, "मग... मग तू काय सांगितलंस?"

"म्हणलं, व्हय पंत. आमी दोघांनी मिळूनच ठरिवलं हुतं." आन् हसला. "खोटं काय हाय त्यात, आण्णा? पंत लई तयारीचं. तुमी सांगितलं नसतं तर त्यो घोडा त्यांनी एवढ्या लांब कशाला धाडला असता? मी हरलोच असतो. निम्मी मात तुमची हाय." आन् उठला, माझ्या खांद्यावर हात ठिवला, आन् गाडीत जाऊन बसला.

दर नागपंचमीला सोप्यात त्या डावाची गोष्ट निघती. ज्ञानू वस्ताद सांगत्यात, पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत्यात, आन् मी खांबाला पाठ लावून बसतो. व्हटावर येतं माझ्या, निम्मी मात माझी हाय म्हणून. जलमभर ज्याच्यासाठी जळलो ते मला मिळालं, आन् बोलायची सोय न्हाय! बोलाय गेलो तर इहिरीवरचं सांगावं लागतंय.

तर हे घ्या तुमचं दोरखंड. वीस हात, वर एक हात जास्ती. आन् हे... थांबा, खिशात अडकलाय. हा घ्या घोडा. लाकडाचा हाय, कान जरा झिजलाय, बोटं लागून लागून. इलाहीला द्या. म्हणावं, आकारामनं डाव मांडलाय, सगळं मोहरे जाग्यावर, तेवढा डाव्या हाताचा घोडा तुझ्याकडं धाडलाय. त्यो घिऊन ये आन् तुझ्या हातानं पटावर ठिव. पाय दुखतो म्हणला तर निरोप धाड म्हणावं, मी येतो पट घिऊन आजऱ्याला.

हरंन मी. ठावं हाय मला.

आन् हे बघा पावणं, जाताना गाडी तालमीवरनं नेऊ नगा. पलीकडच्या बोळानं जावा. आन् कुणी इचारलंच, तर म्हणायचं, दोरखंड घ्यायला आलतो.